हात तिथे जायलाच नको

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रेल्वेच्या यार्डात कोणी काम मागायला आला, की मुकादम आधी त्याच्या पंजाकडे बघे, अशी एक गोष्ट तिथे सांगतात. एखाद-दुसरे बोट तुटलेले असेल, तर माणूस जुना आहे, काम जाणतो, असे समजायचे. दहाही बोटे शाबूत असतील, तर तो नवखा. गोष्टीत थोडा रंग भरलेला असेल, पण तिच्यामागचे वास्तव खोटे नव्हते. १८९३ या एकाच वर्षात डबे जोडता-सोडताना अमेरिकेत चारशेहून जास्त रेल्वे कामगार मेले आणि अकरा हजारांहून जास्त जखमी झाले. गाडी रुळावरून घसरली नव्हती, पूल कोसळला नव्हता, धुक्यात सिग्नल चुकला नव्हता. रोजचे, साधे, ठरलेले काम चालू होते.

ते काम असे. प्रत्येक डब्याच्या टोकाला एक पोकळ लोखंडी तोंड असे. त्यात एक लांबट कडी बसवायची आणि वरून खिळा टाकून ती अडकवायची. दुसरा डबा ढकलला जात जवळ आला, की दोन डब्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या ब्रेकमनने, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या आणि डबे जोडणाऱ्या कामगाराने, ती लोंबती कडी हाताने उचलून समोरच्या तोंडात नेमकी घालायची, हात मागे घ्यायचा आणि दुसरा खिळा टाकायचा. काही टन वजनाचा डबा येतोय, पायाखाली खडी आणि रूळ, कधी बर्फ, कधी अंधार. हात मागे घ्यायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, की बोटे गेली. पाय अडखळला, तर माणूस दोन डब्यांच्या मध्ये सापडला.

डबे एकमेकांवर आपटताच आपोआप जोडले जातील अशी जोडणी, म्हणजे कपलर, बनवणाऱ्यांमध्ये अँड्र्यू जॅक्सन बिअर्ड यांचे नाव येते. त्यांचे आयुष्य मला फार मोलाचे वाटते. त्यांच्याविषयी जी सोपी गोष्ट सर्रास सांगितली जाते, ती मात्र मला अपुरी वाटते. त्या अपुरेपणाचा आपल्या शेतातल्या मळणी यंत्राशी आणि आपल्या रेल्वेच्या यार्डाशीही संबंध आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बिअर्ड यांचा जन्म १८४९ सालचा, अलाबामा राज्यातल्या जेफर्सन काउंटीतला, गुलामीतला. यादवी युद्ध संपता संपता, पंधराव्या वर्षी ते मुक्त झाले. पुढे शेती केली. एकदा पन्नास बुशेल सफरचंदे बैलगाडीत घालून ते माँटगोमेरीच्या बाजारात घेऊन गेले. त्या प्रवासाला तीन आठवडे लागले आणि त्यानंतर त्यांनी शेती सोडली, असे त्यांच्या चरित्रांत येते. माल पिकवणे एक आणि तो बाजारात पोचवणे दुसरे, हे नाशिकच्या कांदेवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. बिअर्ड यांनी मग पिठाची गिरणी काढली. गिरणी चालवता चालवता त्यांच्या डोक्यात नांगर घोळत होता. १८८१ साली त्यांनी सुधारित नांगराचे पेटंट घेतले आणि तीन वर्षांनी ते चार हजार डॉलरना विकले. १८८७ साली दुसऱ्या नांगराचे पेटंट घेऊन तेही बावन्नशे डॉलरना विकले. तो पैसा त्यांनी जमीनजुमल्याच्या व्यवहारात घातला आणि सुमारे तीस हजार डॉलर उभे केले. १८९२ साली रोटरी, म्हणजे चक्राकार गतीने चालणाऱ्या, वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. आणि १८९७ साली, २३ नोव्हेंबरला, रेल्वेच्या डब्यांच्या जोडणीचे.

गुलामीत जन्मलेल्या माणसाने पेटंट घेणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे समजायला थोडे मागे जावे लागते. मिसिसिपीतल्या ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मळेवाल्याकडे नेड नावाचा एक गुलाम होता. नेडने कापसाच्या शेतीसाठी दुहेरी फासाचे एक अवजार बनवले. गुलाम आपल्या मालकीचा, तर त्याच्या डोक्यातून निघालेली वस्तूही आपलीच, असे म्हणून स्टुअर्ट यांनी स्वतःच्या नावावर पेटंट मागितले. १८५८ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी निकाल दिला: गुलाम नागरिक नाही, म्हणून त्याला पेटंट मिळू शकत नाही, आणि शोध मालकाने लावलेला नाही, म्हणून मालकालाही मिळणार नाही. म्हणजे अवजार होते, शेतात चालत होते, पण कायद्याच्या लेखी त्याला कोणी जन्मच दिलेला नव्हता. त्या साली बिअर्ड नऊ वर्षांचे होते. सायरस मॅकॉर्मिक यांच्या कापणी यंत्राची कीर्ती जगभर झाली. त्या यंत्राच्या घडणीत राबलेल्या जो अँडरसन या त्यांच्या घरच्या गुलामाचे नाव किती जणांना माहीत असते? बिअर्ड यांच्या नांगराच्या पेटंटावर त्यांचे स्वतःचे नाव आहे, यासाठी आधी एक युद्ध व्हावे लागले आणि राज्यघटना बदलावी लागली. बुद्धी पूर्वीही होती. तिला नावावर मालकी सांगण्याचा हक्क नव्हता, आणि तो हक्क कायद्याने दिला. पुढच्या सगळ्या विवेचनात हे लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

आता त्या सोप्या गोष्टीकडे येतो. ती साधारण अशी सांगितली जाते: डबे जोडताना माणसे मरत होती, बिअर्ड यांनी आपोआप जुळणारी जोडणी शोधली, ती पन्नास हजार डॉलरना विकली आणि हजारो जीव वाचले. ऐकायला छान, शाळेच्या भाषणात सांगायला त्याहून छान. पण तारखा तपासल्या की गोष्ट वेगळीच निघते.

आपोआप जुळणाऱ्या जोडणीचे मूळ पेटंट १८७३ सालचे आहे, म्हणजे बिअर्ड यांच्या पेटंटाच्या तब्बल चोवीस वर्षे आधीचे. ते घेतले होते इलाय जॅनी यांनी. जॅनी व्हर्जिनियातले. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या, म्हणजे गुलामी टिकवू पाहणाऱ्या बाजूच्या सैन्यात अधिकारी होते, आणि युद्धानंतर ॲलेक्झांड्रिया गावात कापडाच्या दुकानात काम करत. चाकूने लाकूड कोरून त्यांनी आपला नमुना तयार केला. दोन माणसांनी आपापल्या हाताची बोटे आकड्यासारखी वाकवून एकमेकांत गुंतवावीत, तशी ती रचना आहे: दोन्ही डब्यांच्या टोकाला फिरती लोखंडी बोटे, डबे आपटले की ती मिटतात आणि अडकून बसतात. आजही जगात अनेक देशांतल्या मालगाड्या, आपल्याकडच्यासुद्धा, याच तत्त्वावर जोडल्या जातात. एका बाजूला दक्षिणेचा माजी सेनाधिकारी आणि दुसऱ्या बाजूला त्याच दक्षिणेतला माजी गुलाम, दोघांचे डोके एकाच प्रश्नावर चालले होते, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वात विलक्षण दृश्य वाटते.

म्हणजे १८७३ साली उपाय होता. एकटा जॅनी यांचाच नव्हे. डब्यांच्या जोडणीवर तोवर आणि त्यानंतर हजारोंनी पेटंटे निघाली. तरीही पुढची वीस वर्षे बहुसंख्य मालडबे कडी आणि खिळ्यानेच जोडले जात राहिले आणि माणसे मरत राहिली. मग या वीस वर्षांत कमी काय होते?

पहिली अडचण खरोखरच तांत्रिक आणि व्यवहाराची होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत रेल्वे कंपन्या अनेक होत्या आणि एका कंपनीचे डबे दुसरीच्या रुळांवर सर्रास जात. एकट्या कंपनीने नवी जोडणी बसवली, तर तिचे डबे शेजारच्या कंपनीच्या डब्यांना जुळेनात. उलट दोन वेगळ्या जातीच्या जोडण्या एकत्र आल्या, की ब्रेकमनचे काम आणखी घातक होई. पहिले पाऊल टाकणाऱ्याच्या पदरी खर्च आणि डोकेदुखी. फायदा सगळ्यांनी एकदम केले तरच. इथे जॅनी यांच्या एका कृतीचा आदराने उल्लेख करायला हवा. डब्यांच्या तांत्रिक मानकांवर निर्णय घेणाऱ्या मास्टर कार बिल्डर्स असोसिएशनने १८८७ च्या सुमारास त्यांची रचना मानक म्हणून निवडली, तेव्हा जोडणीच्या बाह्य आकारावरचा आपला पेटंट हक्क त्यांनी सोडून दिला, म्हणजे कोणीही कारखानदार त्या आकाराला जुळणारी जोडणी बनवू शकेल. पुढच्या सुधारणांना या मोकळ्या केलेल्या वाटेचा फायदा झाला.

दुसरे कारण अधिक कठोर होते. मेलेला कामगार कंपनीला स्वस्त पडत होता. त्या काळचे न्यायालय तीन प्रश्न विचारी. कामगाराला या कामात धोका आहे हे माहीत होते का? माहीत असून तो नोकरीत राहिला, म्हणजे धोका त्याने पत्करला. चूक दुसऱ्या कामगाराची होती का? मग मालक जबाबदार नाही. त्याची स्वतःची थोडीशी तरी हयगय होती का? मग भरपाई नाही. या तीन चाळण्यांतून फार थोडे दावे खाली उतरत. त्यात भर कंपन्यांच्या नियमपुस्तकांची. चालत्या डब्यांच्या मध्ये जाऊ नये, असे त्यांत स्पष्ट छापलेले असे. मध्ये न जाता वेळेत गाडी जोडून होत नाही, हे यार्डमास्तरपासून संचालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. त्या नियमाचा उपयोग एकच: अपघात झाला की दोष मेलेल्याच्या माथी मारता येई.

ही कोंडी फोडणारा माणूस ना अभियंता होता, ना कारखानदार. लॉरेन्झो कॉफिन हे आयोवा राज्यातल्या फोर्ट डॉज गावाजवळचे शेतकरी. १८७४ च्या सुमारास गाडीने जाताना एका ब्रेकमनची उरलीसुरली बोटे डब्यांच्या जोडणीत गेलेली त्यांनी पाहिली आणि मग ते या कामाला लागले, असे सांगतात. १८८३ साली ते आयोवाचे रेल्वे कमिशनर झाले. रेल्वेवाल्यांच्या परिषदांत ते जात, पत्रे लिहीत, पत्रके वाटत, चर्चमध्ये बोलत. डब्यांना स्वयंचलित जोडणी लावण्याचा आयोवा राज्याचा कायदा त्यांच्याच खटपटीतून आला. रेल्वे कामगाराला युद्धातल्या सैनिकाइतका धोका पत्करावा लागतो, हे आपल्या संस्कृतीला लाजिरवाणे आहे, अशा अर्थाचे वाक्य राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८८९ साली काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पाठवलेल्या आपल्या पहिल्याच वार्षिक संदेशात लिहिले. २ मार्च १८९३ रोजी, पदावरून उतरण्याच्या दोन दिवस आधी, त्यांनी रेल्वे सुरक्षा साधनांच्या कायद्यावर सही केली.

त्या कायद्यातले एक कलम मला सगळ्या सुरक्षाविचाराचा गाभा वाटते. आपटताच आपोआप जुळेल आणि सोडवताना माणसाला दोन डब्यांच्या टोकांमध्ये जाण्याची गरज पडणार नाही, अशीच जोडणी असली पाहिजे, असे ते सांगते. ‘सावध राहा’ असे कायद्याने म्हटले नाही. ‘प्रशिक्षण द्या’, ‘फलक लावा’ असेही म्हटले नाही. त्याने म्हटले, माणूस तिथे जायलाच नको. आणि असे साधन नसलेल्या डब्यावर कोणी जखमी झाला, तर नोकरीत टिकून राहिला म्हणून त्याने धोका पत्करला असे समजू नये, हेही त्याच कायद्यात घातले. म्हणजे तीनपैकी एक चाळणी फाडून टाकली.

कायदा झाला म्हणून कंपन्या लगेच वठणीवर आल्या नाहीत. मूळ मुदत १ जानेवारी १८९८ ची. ती वाढवून घेतली गेली आणि १९०० चा ऑगस्ट उजाडला. त्याच महिन्यात, ५ ऑगस्टला, युटा राज्यातल्या प्रॉमोंटरी इथे जॉन्सन नावाचा ब्रेकमन इंजिनाला डायनिंग कार जोडत होता. इंजिनावर जॅनी पद्धतीची जोडणी, डब्यावर मिलर पद्धतीचा आकडा. दोन्ही आपापल्या जागी स्वयंचलित, पण एकमेकांना जुळणारी नाहीत. जॉन्सन मध्ये गेला आणि त्याचा हात चिरडला. मनगटाच्या वर कापावा लागला. खालच्या न्यायालयांत तो हरला. कायदा ‘डब्यां’बद्दल बोलतो, इंजिन हा डबा नव्हे, आणि दोन्हींवर स्वयंचलित जोडणी होतीच की, असे त्याला सांगण्यात आले. १९०४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल उलटवला. कायदा कशासाठी केला आहे ते बघा. माणसाला मध्ये जावे लागले असेल, तर कायदा पाळला गेलेला नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. १९०८ साली रेल्वे मालकांच्या दायित्वाचा कायदा आला आणि सुरक्षेचा कायदा मालकाने मोडला असेल, तर कामगाराच्या हयगयीकडे बोट दाखवण्याची सोयही गेली. तोवर जोडणीतले अपघात पुष्कळ खाली आले होते, रेल्वेची वाहतूक वाढत असतानाही.

आता बिअर्ड यांच्या पेटंटाची तारीख पुन्हा बघा. २३ नोव्हेंबर १८९७. कायद्याची मूळ मुदत संपायला जेमतेम पाच-सहा आठवडे उरलेले. देशातले लाखो डबे बदलायचे होते आणि अधिक चांगल्या जोडणीला गिऱ्हाईक उभे राहिले होते. बिअर्ड यांच्या जोडणीला पन्नास हजार डॉलर आले, असे त्यांच्या चरित्रांत लिहिलेले आढळते. ती किंमत त्यांच्या बुद्धीची होती, यात शंका नाही. पण ती बुद्धी विकत घ्यायला बाजार तयार केला तो १८९३ च्या कायद्याने. १८७३ साली जॅनी यांच्याकडेही बुद्धी होती, बाजार नव्हता. कायद्याची बंधने घातली की उद्योग आणि संशोधन गुदमरते, असे आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. या उदाहरणात नेमके उलटे घडले.

याने बिअर्ड यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत दुसऱ्याची मालमत्ता असलेला माणूस नांगर सुधारतो, गिरणी चालवतो, जमिनीचे व्यवहार करतो आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रेल्वेच्या सर्वात रक्ताळलेल्या कोपऱ्याला हात घालतो. १९२१ साली ते वारले आणि २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरव सभागृहात त्यांचे नाव लागले. हा सन्मान फार आधी व्हायला हवा होता. माझा आक्षेप एवढाच आहे, की एका शोधकाच्या चरित्राने सगळे काम केले असे सांगितले, की उरलेल्यांची जबाबदारी हलकी होते. मग आपण पुढच्या शोधकाची वाट बघत बसतो.

आपण नेमके तेच करत आहोत. शेतीत बघा. मळणी यंत्र, कोणी थ्रेशर म्हणते, कोणी हडंबा. सोयाबीन, तूर, गहू, हरभरा, ज्वारी, हंगाम आला की ट्रॅक्टरला जोडून रात्रंदिवस चालते. पेंढी आत लोटणारा माणूस किंवा बाई त्याच्या तोंडाशी उभी असते, आणि आत काही इंचांवर ढोल जोरात फिरत असतो. झोप आलेली, पाऊस यायच्या आत उरकायची घाई, पेंढी अडकली की हाताने ढकलायची सवय. हात जातो. पदर किंवा उपरण्याचे टोक पट्ट्यात अडकले, तर माणूस जातो. विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्टीने तर शाळकरी पोरांचीसुद्धा बोटे गेलेली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवातीच्या काळात केलेल्या यंत्रांत कडबा कापण्याचे यंत्र होते. म्हणजे हे यंत्र आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने आहे. शंभर वर्षांत त्याला मोटर लागली, हात वाचवणारे तोंड मात्र सगळीकडे लागले नाही.

उपाय ठाऊक नाही, असे अजिबात नाही. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक जुने आहे. पेंढी घालण्याची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे ते सांगते. हिशेब साधा आहे: माणसाचा हात खांद्यापासून जेवढा पुढे जातो, त्याच्यापलीकडे ढोल असला पाहिजे. हेही ‘हात तिथे जायलाच नको’ हेच तत्त्व. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक दिनेश मोहन यांनी मळणी यंत्र आणि कडबाकुट्टीच्या अपघातांवर काम करून सुरक्षित रचना सुचवल्या होत्या. कायदाही आहे. हरितक्रांतीनंतर उत्तरेकडे गव्हाच्या मळणीत इतके हात तुटू लागले, की संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, आणि तो मुख्यतः मळणी यंत्र डोळ्यांसमोर ठेवूनच केला. यंत्र बनवणाऱ्याला परवाना, यंत्राला मानक, जखमीला भरपाई, असा त्याचा रोख आहे. आपल्या तालुक्याच्या गावी जाऊन मळणी यंत्र विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला या कायद्याचे नाव विचारून बघा.

त्याऐवजी आपल्याकडे काय आहे? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यू झाला, तर दोन लाख. एक हात किंवा एक पाय गेला, तर एक लाख. योजना असू नये असे मी म्हणत नाही. ज्या घरात ते पैसे जातात त्या घराला त्यांचा आधार असतो. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी आहे. यंत्राच्या तोंडाशी उभा असतो तो बहुतेक वेळा भूमिहीन मजूर. त्याचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते. आणि ज्या कारखान्याने आखूड, उघड्या तोंडाचे यंत्र विकले, त्याला या सगळ्यात कोणी काही विचारत नाही. हात तुटल्यावरची किंमत सरकार भरते. हात तुटू न देण्याचा खर्च, म्हणजे दोन-अडीच हात पत्रा, कारखानदाराला माफ.

यावर एक उत्तर नेहमी मिळते आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजे. शेतकरी स्वतःच संरक्षक भाग काढून टाकतात, लांब तोंडाने काम हळू होते म्हणतात. मग कारखानदाराने काय करावे? ही तक्रार खरी आहे. मी शेतकऱ्याला भोळा समजत नाही. ढग दाटलेले असताना तासाला चार पोती कमी निघाली, तर त्याचे नुकसान होते. पण कामाचा वेग कमी करणारी सुरक्षा ही अर्धवट रचना आहे, आणि तिथेच बिअर्ड, जॅनी यांच्यासारख्या डोक्यांची गरज लागते. जॅनी पद्धतीची जोडणी कामगारांनी उखडून टाकली नाही, कारण तिने काम जलद होत होते. काढता येणार नाही असे, जोडून टाकलेले आणि तरी वेग राखणारे तोंड करा, अशी सक्ती झाली की ते करणारे कारागीर आपल्या गावोगावच्या वर्कशॉपांत आहेत. आज त्यांनी केलेल्या चांगल्या यंत्राला शेजारचे स्वस्त, उघडे यंत्र बाजारात हरवते. पहिले पाऊल टाकणारा इथेही तोट्यात जातो. मानक ऐच्छिक ठेवले की हे होणारच.

आणि रेल्वे. आपल्या मालगाड्यांना मध्यवर्ती स्वयंचलित जोडणी दशकांपूर्वीच आली. प्रवासी गाड्यांना मात्र फार काळ हाताने पिळायचे स्क्रू कपलिंग राहिले, ज्यासाठी माणसाला दोन डब्यांच्या मध्ये वाकून शिरावे लागते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली अहवाल दिला. नव्या पद्धतीच्या एलएचबी डब्यांकडे पूर्णपणे वळा, असे त्यात होते; चेन्नईच्या कारखान्याने जुन्या पद्धतीचे डबे बनवणे २०१८ साली थांबवले. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिची चर्चा फार कमी झाली: त्याआधीच्या चार-पाच वर्षांत कामावर असताना दीड हजारांच्या आसपास रेल्वे कर्मचारी मेले होते. प्रवाशाच्या मृत्यूची बातमी होते, चौकशी बसते, मंत्री जातात. रुळांची देखभाल करणारे गँगमन आणि यार्डात रूळ बदलणारे, डबे जोडणारे पॉइंट्समन एकेकटे मरतात. समितीने रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र, कायद्याने स्थापन झालेले सुरक्षा प्राधिकरण मागितले होते. गाड्या चालवणारे, सुरक्षेचे नियम करणारे आणि त्यांचे पालन तपासणारे एकच असू नयेत, ही साधी मागणी. ती मागणी अजून मागणीच आहे.

९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर शंटिंग, म्हणजे डबे हलवण्याचे-जोडण्याचे काम, चालू असताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्या मध्ये चिरडून मेला. छायाचित्रे देशभर फिरली. प्राथमिक चौकशीत दोष निघाला तो कर्मचाऱ्यांमधल्या समन्वयाचा: इशारा चुकला, वेळ चुकली. असेलही. पण जॉन्सनच्या खटल्यातला प्रश्न त्या चौकशीत पहिला असायला हवा होता: तो मध्ये गेलाच का? त्याला तिथे जावे लागणार नाही अशी रचना का नव्हती, आणि असली तर ती काम का करत नव्हती? हा प्रश्न टाळून काढलेला प्रत्येक निष्कर्ष शेवटी एखाद्या पॉइंट्समनच्याच गळ्यात पडतो.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. १९८३ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मळणी यंत्राची तपासणी व्हावी, मानकात न बसणारे यंत्र विकता येऊ नये आणि त्यावर सरकारी अनुदान तर मुळीच मिळू नये. कडबाकुट्टीलाही हेच लागू व्हावे. हात गमावलेल्या भूमिहीन मजुराची भरपाई यंत्राच्या मालकाकडून आणि उत्पादकाकडून कायद्याने वसूल व्हावी, त्याच्या नावावर सातबारा आहे की नाही हे न विचारता. रेल्वेच्या यार्डात कोणी मेला, तर चौकशी रेल्वेबाहेरच्या यंत्रणेने करावी आणि तिच्या अहवालात जागेची व साधनाची रचना हे पहिले प्रकरण असावे, कर्मचाऱ्याचे वर्तन त्यानंतर. यासाठी काही नवे शोधावे लागणार नाही. ९० सेंटिमीटरचा पत्रा कापायला येतो, जोडणीची रचना १८७३ पासून माहीत आहे, आणि काकोडकर समितीचा अहवाल २०१२ पासून रेल्वे मंत्रालयाच्या कपाटात आहे.